अंगठ्याखालची टिकली

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. मार्गशीर्ष सरत आला होता. शाळू पोटरीत होता आणि सकाळी उघड्या हौदातून वाफ निघत होती. त्या साली एका बाजारगावात केरबा नावाचा एक वस्ताद राहत होता.

केरबाने तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या. अंग उतरल्यावर तो गावच्या शाळेतल्या मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवू लागला. उंच टांगलेल्या दोरावर चढायचे, पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा आणि अधांतरी आसने करायची, असा तो खेळ. या कामाला पगार नव्हता. मान होता. केरबा रस्त्याने निघाला की दुकानदार गादीवरून उठून रामराम घालीत. त्याला तेवढे पुरे होते. आपण जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, हे तो रोज कोणाला ना कोणाला ऐकवीत असे.

शाळेचा दोर अंगणातल्या चिंचेच्या फांदीला बांधलेला होता. त्या थंडीत ती फांदी कडाडून मोडली. दोरावर तेव्हा कोणी नव्हते म्हणून निभावले. माघात जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. दोर टांगायला आता सागाचे दोन खांब आणि वर तुळई पाहिजे होती. शाळेच्या पेटीत खडूपुरतेच पैसे होते.

हेडमास्तरांनी शहरातून कार्डे छापून आणली. कार्डावर चंदेरी टिकल्या होत्या. टिकली नाण्याने खरवडली की खाली आकडा निघे. कुठे दोन, कुठे पाच, कुठे अकरा, कुठे एकवीस. ज्याला जो आकडा येईल त्याने तेवढे रुपये शाळेला द्यायचे.

"प्रत्येक कार्डावर एक पाचशे एकसुद्धा आहे," हेडमास्तर म्हणाले. "ज्याच्या नशिबी येईल तो मोठा दाता."

"आणि न्हाई दिले तर?" केरबाने विचारले.

"तर काय करणार? देणगी आहे, दंड नाही. देईल ते घ्यायचं. वस्ताद, मागायचं काम कार्ड करतं. आपण नुसतं पुढं धरायचं."

हे केरबाला पटले. हात न पसरता पैसा येणार होता. प्रत्येक मास्तराला एक कार्ड मिळाले. केरबानेही एक घेतले.

बाहेर आल्यावर त्याने कार्ड उन्हात धरून पाहिले. छापणाऱ्याने कागदात काटकसर केली होती. बाकी टिकल्यांखालून काही कळत नव्हते, पण खालच्या कोपऱ्यातल्या टिकलीखाली तीन आकड्यांची लांबट काळी सावली दिसत होती. केरबाने कार्ड उलटसुलट केले. शंका राहिली नाही. पाचशे एक तिथेच होते.

त्याच वेळी तो माघारी फिरता, हेडमास्तरांना म्हणता, "हे कार्ड फुटलंय, दुसरं द्या," तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याला वाटले, आपल्याला ठाऊक आहे तर बिघडले काय? उलट बरेच आहे.

पहिल्यांदा तो लाकडाच्या वखारीत गेला. वखारीचे मालक शेटेअण्णा गावातले सगळ्यांत पैसेवाले. कामावरची माणसे करवत थांबवून गोळा झाली.

"या वस्ताद! आता मल्लखांब सोडून सोरट चालवायला लागलात काय?" अण्णा हसले. सगळी वखार हसली. जत्रेत पैसे लावून चिठ्ठ्या फोडायला लावतात, त्या सोरटाची उपमा केरबाला झोंबली. पण त्याने कार्ड पुढे धरले. अण्णांनी खिशातून नाणे काढले आणि सरळ खालच्या कोपऱ्यावर टेकवले.

केरबा धास्तावला. पैसा जाईल म्हणून नव्हे, पैसा तर यायलाच हवा होता. त्याला अण्णांचा स्वभाव माहीत होता. पाचशे एक निघाले की अण्णा म्हणणार, "हट्, हे काय खरं नव्हे!" आणि एवढ्या माणसांसमोर कार्ड परत देणार. मग बाजारात बोलणे होणार, की वस्ताद मागायला गेला आणि शेट्याने हाकलला.

केरबाने चटकन त्या टिकलीवर अंगठा ठेवला.

"ती नको, अण्णा. ही वरची घ्या."

अण्णांनी वरची खरवडली. पाच निघाले. अण्णा खूष झाले. "वस्ताद, तुमचा हात गुणाचा!" म्हणत त्यांनी पाचाची नोट दिली, चहा मागवला आणि स्वतःच्या शेजारी गादीवर बसवले.

तिथून केरबा सरपंचांकडे गेला. अंगठा तिथेच होता. सरपंचांना अकरा आले. सोसायटीच्या चेअरमनला दोन आले आणि त्यांनी ते दोन रुपये असे काही मोजून दिले की जणू विहीर बांधून दिली. गावात बोलवा झाला, वस्तादाचे कार्ड हलके आहे. मग मोठी मोठी माणसे आपण होऊन त्याला हाका मारू लागली. "वस्ताद, इकडं या, आमचाही आकडा काढा!" केरबाची मान ताठ झाली. कोणी एकानेही नाही म्हटले नाही.

इकडे चित्रकलेच्या मास्तरांच्या कार्डावर डॉक्टरांना पाचशे एक आले. डॉक्टर म्हणाले, "एकावन्न घ्या आणि मला सोडा." मास्तर हसले, एकावन्न घेतले आणि पुढच्या दारी गेले. नकार घेऊन माणूस मरत नाही. पण ती विद्या केरबाला कोणी शिकवली नव्हती आणि आता शिकायचे त्याचे वय नव्हते.

कार्डावरच्या टिकल्या संपल्या. कोपऱ्यातली तेवढी राहिली. ती कोणापुढे धरावी हे केरबाला कळेना. ज्याच्याकडे पैसे होते तो नाही म्हणेल याची धास्ती होती. ज्याच्याकडे नव्हते त्याच्याकडे जायचे कारण नव्हते. कार्ड तसेच परत द्यायचे ठरवून तो शाळेकडे निघाला.

वाटेत चुरमुऱ्याच्या भट्टीची गल्ली होती. तिथे हौसाबाई राहत होती. नवरा मागेच गेलेला. दिवसभर भट्टीवर चुरमुरे भाजायची आणि एका लेकीला वाढवायची. लेक शेवंता. दोरावर चढली की खालून बघणाऱ्याचा श्वास अडकावा, अशी ती पोर होती. केरबाने तिच्यासारखी दुसरी पाहिली नव्हती. जिल्ह्याला आपले नाव होणार ते हिच्या जिवावर, हे तो मनात धरून होता.

हौसाबाई दारात उभी होती. तिने हाक मारली.

"काय वो वस्ताद? माझ्या दारावरनं तसंच? सगळ्या गावाला कार्ड दावलंसा, आमचा पैसा खोटा हाय व्हय?"

"तसं न्हवं, हौसाबाई. संपलंय ते."

"अंगठ्याखाली ती एक दिसतीया की!"

"एकच हाय."

"मग माझ्यासाठीच ऱ्हायली ती. आणा हिकडं."

केरबाने कार्ड मागे घ्यायला हवे होते. "ही खरवडू नका" एवढे म्हटले असते तरी चालले असते. पण मग तिने विचारले असते, का? त्या 'का'ला त्याच्याकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते. त्याने अंगठा काढला.

हौसाबाईने हात पदराला पुसले. कार्ड कपाळाला लावले आणि गावदेवीचे नाव घेतले. त्या गावात रीत होती की देवीला कौल लावला आणि जो आला, तो मोडायचा नाही. उजवा आला तर उजवा, डावा आला तर डावा. हौसाबाईच्या लेखी तो कौलच होता.

"शेवंते, ये गं. तुझ्या हातानं खरवड."

पोरगी नखाने खरवडू लागली. आधी पाच निघाला. हौसाबाईच्या तोंडावर हसू आले. मग शून्य निघाले. मग एक.

"आई, पाचशे एक!" शेवंता नाचायला लागली. "गावात सगळ्यांत मोठा आकडा आपला!"

शेजारची अक्काताई भिंतीवरून बघत होती. ती म्हणाली, "बया गं! शेट्याला पाच, सरपंचाला अकरा आणि हौसीला पाचशे! देवीनं तुला सावकारीण केली की गं!"

हौसाबाई खाली बसली. तिच्या घरात पाचशे रुपये एकदम कधी आलेच नव्हते.

"ऱ्हाऊ द्या, हौसाबाई," केरबा म्हणाला. "देणगी हाय, दंड न्हाई. दोन रुपयं द्या."

"देवीचं नाव घिऊन खरवडलं, वस्ताद. खरवडलेलं परत झाकतंय व्हय?"

"पर कुठनं आणणार तुम्ही?"

"ते मी बघीन. सगळ्या गावानं आपापला आकडा दिला. माझीच पोर दोरावर चढती आणि मीच न्हाई म्हणू? उद्या तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? तुम्ही मुदत तेवढी द्या."

बोलायचे असेल तर हीच वेळ होती. 'हौसाबाई, हा कौल न्हवं. मला ठाऊक होतं.' एवढ्या बोलण्यात ती सुटली असती. ते शब्द केरबाच्या जिभेवर आले. अक्काताई भिंतीवरून बघत होती. केरबाने शब्द गिळले.

त्याऐवजी त्याने दुसरे केले आणि त्याला ते मोठेपण वाटले. कुस्तीत जिंकलेले चांदीचे कडे त्याने सोनाराकडे गहाण ठेवले आणि हौसाबाईच्या नावाने पाचशे एक रुपये शाळेत भरले. हेडमास्तर सगळ्या मास्तरांपुढे म्हणाले, "आकड्याला आकडा जमलेलं कार्ड एकच. वस्तादांचं!" केरबाने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग तो हौसाबाईला म्हणाला, "मी भरल्यात. तुम्ही सवडीनं द्या. न दिलं तरी माझं काय न्हाई."

"न दिऊन कसं?" ती म्हणाली. "आधी शाळेचं देणं हुतं, आता तुमचं झालं. हे तर जास्तच जड."

चुरमुऱ्याच्या भट्टीवर पोटापुरते मिळत होते. त्यातून काही शिल्लक पडेना. संक्रांत झाली आणि नदीकाठच्या वीटभट्ट्यांचा मुकादम आणखी माणसे न्यायला गावात आला. तिथे मजुरी बरी होती. पैसे हंगाम संपल्यावर मिळत. हौसाबाईने घराला कुलूप लावले. तरणी होऊ घातलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवणार? शेवंतालाही बरोबर घेतले.

शेवंता निघताना शाळेत आली. तिने वस्तादाचे पाय धरले.

"वस्ताद, हंगाम झाला की येतो. माझा दोर कुणाला देऊ नका."

हेडमास्तर चुटपुटले. "वस्ताद, तुमची हुकमी पोर चालली. आईला जरा समजवा."

"तिची मर्जी," केरबा म्हणाला.

वखारीतून सागाचे खांब आले. वर तुळई चढली. दोर टांगला. काम इतके देखणे झाले की लोक मुद्दाम बघायला येत. माघात पथक जिल्ह्याला गेले. शेवंताची आसने दुसऱ्या मुलीला दिली होती. ती मधेच दोरावरून घसरली. पथक हात हलवीत परतले.

तरी शाळेने तुळईचा समारंभ केला. शेटेअण्णा अध्यक्ष होते. ते म्हणाले, "गावासाठी आम्ही फूल ना फुलाची पाकळी दिली. पण खरं श्रेय आमच्या वस्तादांचं. मागणारा असा पाहिजे की देणाऱ्याला नाही म्हणवत नाही!" टाळ्या झाल्या. केरबाच्या गळ्यात हार पडला. हाराचा दोरा मानेला काचत होता.

फाल्गुन लागला. केरबाला अन्न गोड लागेना. समोर मुली दोरावर चढत आणि तो दुसरीकडेच बघे. एक दिवस त्याने पागोटे बांधले आणि नदीकाठची वाट धरली.

भट्ट्यांचा धूर लांबूनच दिसत होता. हौसाबाई साच्यात वीट थापत होती. शेवंता खड्ड्यात उतरून चिखल तुडवीत होती. चिखलात राख आणि भुसा मिसळलेला. केरबाला बघताच ती धावत आली.

"वस्ताद! तुळई किती उंच हाय वो? चिंचंच्या फांदीपरास उंच?"

केरबाने तिच्या पायांकडे पाहिले. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधली कातडी राखेने खाल्ली होती. आत लाल दिसत होते. नेमकी तीच जागा. दोर तिथेच धरायचा असतो.

"उंच हाय," तो म्हणाला.

हौसाबाई हात पुसत आली. "एवढ्या उन्हाचं, वस्ताद? पैशासाठी आलासा व्हय? हाय माझ्या ध्यानात."

"पैशासाठी न्हाई. एक सांगायला आलोय."

"बसा तर. गूळपाणी घ्या."

"बसत न्हाई." केरबा उभ्यानेच बोलला. आयुष्यात त्याला कुठलीही कुस्ती इतकी जड गेली नव्हती. "हौसाबाई, तो कौल न्हवता. ती टिकली मला आधीपासनं ठावं हुती. उन्हात धरली की आकडा दिसायचा. शेट्याला मी ती खरवडू दिली न्हाई. सरपंचाला दिली न्हाई. अंगठा ठिवून झाकली. नकार आला तर माझी शोभा हुईल म्हणून झाकली. तुमच्या दारात तेवढा अंगठा काढला. तुम्ही मला काय द्यायचं लागत न्हाई. पोरीला घिऊन घरला चला."

हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती हसली.

"वस्ताद, मी अडाणी हाय, पर एवढी खुळी न्हाई. माझं देणं सुटावं म्हणून सोताच्या नावाला काळं फासाय एवढ्या लांब आलासा?"

"खरं सांगतोय, हौसाबाई."

"पुरं. तुमच्यासारखा माणूस असलं काय करल? सगळं गाव वरडून सांगू द्या, मी ऐकायची न्हाई. तुम्ही कडं ठिवून पैसं भरलंसा, सोनारानं सांगितलंय मला. असा माणूस आणि अंगठा ठिवंल?"

"देवीची आण घितो."

"देवीला मधी आणू नका. आधीच तिचा कौल हाय हा. आणि हळू बोला, पोरगी ऐकल. ती तुम्हाला देव मानती."

जन्मभर केरबाने आपल्या नावाचा डंका वाजवला होता. तो डंका आता त्याच्या खऱ्या बोलण्यापेक्षा मोठा झाला होता. हौसाबाईने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो त्याने खाल्ला नाही, टाकलाही नाही. मुठीत धरून तो परतला. वाटेत गूळ वितळून हात चिकट झाला होता.

वैशाख संपताना भट्टी विझली. मुकादमाने हिशेब केला. धान्याचे कापले, खोपीचे कापले, पोरीच्या पायाला आणलेल्या मलमाचेही कापले. हौसाबाईच्या हाती काही उरले नाही. तेव्हा तिने पुढल्या हंगामाची उचल मागितली. उचल म्हणजे पैसे आधी घ्यायचे आणि अंग झिजवून मागून फेडायचे. मुकादमाने ती दिली, मायलेकी दोघींच्या नावावर.

दुपार कलताना हौसाबाई एकटीच केरबाच्या दारी आली. उन्हाने काळी पडली होती.

"शेवंता कुठाय?" केरबाने विचारले.

"तिथंच हाय. मुकादमाच्या रानात. उचल घितली का माणूस मागं ठेवावं लागतंय."

"आणि शाळा?"

"झाली की तिची शाळा." ती ओसरीच्या कडेला टेकली. "पायबी आता दोराचं ऱ्हायलं न्हाईत तिचं. तुम्ही मनाला लावून घिऊ नका."

केरबा म्हणाला, "हौसाबाई, मी त्या दिशी सांगितलं ते—"

"परत तेच नगं, वस्ताद. धरा."

तिने कनवटीची गाठ सोडली. नोटा काढल्या, त्यांवर एक रुपयाचे नाणे ठेवले आणि सगळे त्याच्या पुढ्यात सरकवले.

केरबाने पैसे घेतले. देणे फिटले.

तात्पर्य: मोठ्याचा नकार ज्याला सोसवत नाही, त्याच्या मानाची किंमत गरिबाला भरावी लागते, आणि वेळेवर न बोललेले खरे पुढे कोणालाच सोडवीत नाही.